डेबियन: संस्थापक गेला, संस्था राहिली

अमेरिकेतल्या परड्यू विद्यापीठात शिकणाऱ्या इयन मरडॉकने १६ ऑगस्ट १९९३ रोजी जाहीर केलं, की आपण लिनक्सचं नवं वितरण तयार करतो आहोत. तेव्हा तो वीस वर्षांचा होता. लिनक्सचा नुसता गाभा मिळून भागत नाही. त्यावर शेकडो प्रोग्राम एकमेकांशी जुळवून बसवावे लागतात. त्या काळी बोलबाला असलेल्या ‘एसएलएस’ या वितरणात चुकांचा सुळसुळाट होता. मैत्रीण डेब्रा आणि स्वतः इयन यांच्या नावांतून ‘डेबियन’ हे नाव जमलं. हे काम धंद्यासाठी न करता वापरणाऱ्यांनीच मिळून, उघड्यावर करावं, असं त्याने जानेवारी १९९४च्या जाहीरनाम्यात मांडलं. फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनने वर्षभर आर्थिक पाठबळ दिलं.

मग १९९६मध्ये मरडॉकने नेतृत्व सोडलं. अशा वेळी बहुतेक उपक्रमांचा गाशा गुंडाळला जातो. इथे ब्रूस पेरेन्स पुढे आले. ते पिक्सारमध्ये नोकरीला होते, त्यामुळे आवृत्त्यांना पिक्सारच्याच ‘टॉय स्टोरी’ या चित्रपटातल्या पात्रांची नावं मिळू लागली. जून १९९६ची १.१ आवृत्ती ‘बझ’ झाली. नव्या पॅकेजेसची, म्हणजे बसवायला तयार प्रोग्रामची, जिथे पहिली आदळआपट होते, त्या कायम अस्थिर शाखेचं नाव ‘सिड’. सिड म्हणजे चित्रपटातला खेळणी मोडणारा मुलगा.

पेरेन्स यांच्या काळातलं खरं मोठं काम म्हणजे जुलै १९९७चा ‘सामाजिक करार’. डेबियन कायम मुक्त राहील, वापरणाऱ्यांचं हित आधी पाहू, आमच्यातले दोष लपवणार नाही, असं संस्थेने लिहून दिलं. यातल्या मुक्त सॉफ्टवेअरच्या निकषांवरूनच १९९८मध्ये ‘ओपन सोर्स’ची व्याख्या बेतली गेली. माझ्या मते डेबियनची खरी कमाई हा करारच आहे, कारण पुढे त्याची कसोटी लागली.

२००६मध्ये ओपनएसएसएल या, माहिती सांकेतिक करणाऱ्या पॅकेजच्या देखभालीत, तपासणीच्या साधनाने हरकत घेतली म्हणून कोडच्या दोन ओळी काढल्या गेल्या. गुप्त किल्ली तयार करताना लागणारी यादृच्छिकता त्यांतल्याच एकीतून येत होती. ती गेल्यावर अंदाज बांधायला अवघड असं जवळजवळ काहीच उरलं नाही. उरला तो चालू प्रक्रियेचा क्रमांक, आणि तो जास्तीत जास्त ३२,७६८. म्हणजे एका प्रकारच्या किल्ल्या तेवढ्याच; त्या सगळ्या आधीच तयार करून कुणीही एकेक लावून बघावी! जवळजवळ दोन वर्षं हे कुणाच्या लक्षात आलं नाही. डेबियनच्याच लुसियानो बेल्लो यांना ते सापडलं आणि १३ मे २००८ रोजी संस्थेने चूक आपलीच असल्याचं जगजाहीर केलं. जुन्या किल्ल्या टाका, नव्या करा, असं सांगून कमकुवत किल्ल्या ओळखण्याचं साधनही दिलं. नाचक्की झालीच, पण दिलेला शब्द पाळला गेला.

इथे मालक नाही. संस्थेच्या १९९८च्या घटनेनुसार नेता दरवर्षी मतदानाने निवडला जातो. भांडणंही कडाक्याची होतात. संगणक सुरू होताना बाकीच्या सेवा उठवणारी व्यवस्था ‘सिस्टमडी’ असावी का, यावरून २०१४मध्ये इतकं फाटलं, की काहींनी ‘डेव्हुआन’ नावाची वेगळी चूल मांडली. डेबियनवर इतरांनीही आपली वितरणं उभारली. मार्क शटलवर्थ यांचं उबुंटू २००४मध्ये डेबियनच्याच पायावर उभं राहिलं. रास्पबेरी पायची प्रणालीही तिथलीच.

मरडॉक पुढे प्रोजेनी, लिनक्स फाउंडेशन, सन आणि अखेर डॉकर असा फिरला. २८ डिसेंबर २०१५ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत तो गेला, अवघ्या ४२व्या वर्षी. जून २०१७ची ‘स्ट्रेच’ आवृत्ती त्याला अर्पण केली आहे.

डेबियनची वार्षिक परिषद सप्टेंबर २०२३मध्ये पहिल्यांदाच भारतात, कोचीला भरली. ऑगस्ट २०२५मध्ये ‘ट्रिक्सी’ ही आवृत्ती आली, जवळजवळ ७० हजार पॅकेजेस घेऊन. ती संगणकावर चढवताना भाषांच्या यादीत मराठीही निवडता येते. ते भाषांतरही स्वयंसेवकांचंच.