शुगरचा रिपोर्ट कसा वाचायचा आणि मधुमेह रोजच्या जगण्यातून कसा आटोक्यात ठेवायचा?

उपाशीपोटी १३२, जेवणानंतर २१०, एचबीए१सी ७.४. लॅबच्या कागदावर हे तीन आकडे आले की घरात चर्चा सुरू होते. कोणी म्हणतं 'बॉर्डरवर आहे', कोणी म्हणतं 'भात सोडा, भाकरी खा', तर कोणी गोळ्या बंद करून नुसत्या पथ्यावर राहायला सांगतं. या आकड्यांचा नेमका अर्थ काय? आणि लातूर-नांदेडकडच्या रोजच्या जेवणात काय बदललं तर ते खाली येतात?

तीन तपासण्या, तीन अर्थ

उपाशीपोटीची शुगर: किमान ८ तास काही न खाता केलेली तपासणी. पाणी चालतं, चहा चालत नाही. १०० मिलिग्रॅमपेक्षा कमी म्हणजे सामान्य, १०० ते १२५ म्हणजे मधुमेहपूर्व अवस्था, १२६ किंवा जास्त म्हणजे मधुमेह.

दोन तासांनंतरची शुगर: निदानासाठी ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून ही तपासणी करतात. १४० पेक्षा कमी सामान्य, १४० ते १९९ मधुमेहपूर्व, २०० किंवा जास्त म्हणजे मधुमेह. घरी जेवून येऊन रक्त देत असाल, तर दोन तास पहिल्या घासापासून मोजा आणि नेहमीसारखंच जेवा. 'आज रिपोर्ट आहे' म्हणून अर्धीच भाकरी खाल्ली, तर आकडा चांगला येईल, पण त्याचा उपयोग होणार नाही.

एचबीए१सी: मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी. ५.७ टक्क्यांपेक्षा कमी सामान्य, ५.७ ते ६.४ मधुमेहपूर्व, ६.५ किंवा जास्त म्हणजे मधुमेह. ७ टक्के म्हणजे साधारण १५४ ची सरासरी, ८ टक्के म्हणजे साधारण १८३.

जास्त तहान, वारंवार लघवी, वजन घटणं अशी लक्षणं नसतील, तर एकाच आकड्यावर निदान होत नाही. दुसरी तपासणीही वाढलेली यावी लागते.

एचबीए१सी फसवंही असू शकतं. लोहाच्या कमतरतेमुळे रक्त कमी असेल तर ते खऱ्यापेक्षा जास्त दिसू शकतं. किनवट-माहूर भागात काही कुटुंबांत सिकलसेल आढळतो, त्यातही हा आकडा भरवशाचा राहत नाही. असं काही असेल तर डॉक्टरांना आधीच सांगा.

रात्री काही न खाता सकाळी शुगर जास्त कशी?

आपण झोपेत असताना यकृत साठवलेली साखर थोडी थोडी रक्तात सोडत असतं. निरोगी माणसात इन्सुलिन त्याला आवर घालतं. टाइप २ मधुमेहात इन्सुलिनचा परिणाम कमी झालेला असतो, म्हणून हा आवर सुटतो. त्यामुळे एखाद्या रात्री उपाशी झोपून सकाळचा आकडा सुधारेलच असं नाही. यकृतातली आणि पोटातली चरबी कमी झाली की तो खाली येऊ लागतो.

'मी तर बारीक आहे' असं म्हणूनही निश्चिंत राहू नका. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या संशोधनातून दिसलं की भारतीय माणूस वजनाने कमी असला तरी त्याच्या शरीरात चरबीचं प्रमाण जास्त असू शकतं. म्हणून कंबर मोजा. पुरुषांत ९० सेंटीमीटर आणि बायकांत ८० सेंटीमीटरच्या आत ती असावी.

ताटात काय बदलायचं?

ज्वारीत मैद्यापेक्षा तंतू जास्त असतात, पण १०० ग्रॅम ज्वारीच्या पिठातही साधारण ६५ ते ७० ग्रॅम कर्बोदकं असतात. त्यामुळे तीन भाकरी आणि वाटीभर वरण, याऐवजी दीड भाकरी, घट्ट वरण किंवा उसळ, भरपूर अंबाडी-मेथीसारखी पालेभाजी आणि काकडी-कांदा असं ताट वाढा. भाकरी आणि भात एकाच जेवणात घेत असाल, तर दोन्हींचं प्रमाण कमी करा.

गुळाचा चहाही साखरेच्या चहासारखाच शुगर वाढवतो. उपवासाचा साबुदाणा जवळजवळ पूर्ण पिष्ट असतो, आणि भगर भरपूर खाल्ली तर तिचाही फायदा होत नाही.

जेवणानंतर १०-१५ मिनिटं चाला. पायांचे स्नायू रक्तातली साखर वापरतात, म्हणून दोन तासांनंतरचा आकडा कमी येतो. आठवड्यात एकूण १५० मिनिटं भरभर चालणं हे किमान उद्दिष्ट ठेवा. एप्रिल-मेमध्ये पहाटेच चाला आणि पाणी भरपूर प्या.

दोन वेळा जेवण्याच्या पद्धतीचं काय?

लातूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात प्राध्यापक राहिलेले डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी दिवसातून दोनदाच, प्रत्येकी ५५ मिनिटांत जेवण आणि रोज ४५ मिनिटं चालणं ही पद्धत महाराष्ट्रभर पोहोचवली. तिचं श्रेय ते डॉ. श्रीकांत जिचकार यांना देतात. मधल्या वेळचं खाणं आणि गोड चहा सुटला की अनेकांचं वजन उतरतं, आणि वजन उतरलं की शुगरही उतरते.

वजनाचा हा परिणाम ब्रिटनमधल्या 'डायरेक्ट' चाचणीतही दिसला. खाणं काटेकोर कमी करून वजन घटवणाऱ्या गटात वर्षभरानंतर ४६ टक्के लोकांची शुगर औषधांशिवाय मधुमेहाच्या मर्यादेखाली होती. पण त्या लोकांचा मधुमेह सहा वर्षांच्या आतला होता, ते इन्सुलिनवर नव्हते आणि औषधं डॉक्टरांच्या देखरेखीखाली थांबवली होती.

खरा धोका इथेच आहे. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइडसारख्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असताना अचानक जेवण कमी केलं, तर शुगर ७० च्या खाली जाऊ शकते. घाम, थरथर, घाबरल्यासारखं होणं, बोलण्यात गोंधळ ही त्याची लक्षणं. लगेच तीन चमचे साखर पाण्यात घालून प्या आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासा. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नका, थेट दवाखान्यात न्या. म्हणून दोन वेळचं जेवण असो की रमजानचे रोजे किंवा नवरात्राचे उपवास, सुरू करण्याआधी डॉक्टरांकडून डोस बदलून घ्या.

उलट, बरं वाटतंय म्हणून गोळ्या स्वतःहून बंद करणंही तितकंच घातक. वाढलेली शुगर वर्षानुवर्षं दुखत नाही, पण डोळे, मूत्रपिंड आणि पायाच्या नसा खराब करत राहते.

तपासणी कुठे आणि कधी?

३० वर्षांवरील प्रत्येकाची शुगर आणि रक्तदाब तपासणी प्राथमिक आरोग्य केंद्रात होते. पुढच्या उपचारांसाठी लातूरची विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था आणि नांदेडजवळ विष्णुपुरीचं डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे.

मधुमेह असेल तर एचबीए१सी दर तीन ते सहा महिन्यांनी करा. डोळ्यांचा पडदा, लघवीतलं प्रथिन आणि क्रिएटिनिन वर्षातून एकदा तपासा. पाय रोज स्वतः पाहा. शेतात अनवाणी जाऊ नका, कारण बधिर पायाला रुतलेला काटा कळत नाही. शुगर ३०० च्या वर असून उलट्या किंवा धाप लागत असेल, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठा.