अंतराळातून परतलेलं यान पुन्हा उडण्याआधी त्याचं काय काय होतं?

ओझर, पिंपळगाव, दिंडोरी भागातल्या लोकांना लढाऊ विमानाचा आवाज नवा नाही. १९६४ पासून ओझरला 'एचएएल'चा कारखाना आहे. आधी मिग आणि नंतर सुखोई-३० एमकेआय इथेच बांधली गेली. ऑक्टोबर २०२५ मध्ये इथे बांधलेल्या पहिल्या तेजस मार्क १ए विमानानेही इथूनच झेप घेतली.

पण ओझरचं दुसरं काम कमी लोकांना माहीत असतं. थकलेलं विमान पुन्हा उडण्यालायक करणं, म्हणजेच ओव्हरहॉल. हवाई दलाचा ११ बेस रिपेअर डेपो ओझरलाच आहे. या डेपोने ओव्हरहॉल केलेलं पहिलं सुखोई एप्रिल २०१९ मध्ये हवाई दलाच्या ताब्यात दिलं.

अंतराळयान पुन्हा पुन्हा वापरायचं तर नेमकं काय करावं लागतं, हे समजून घ्यायला ओझरपासून सुरुवात करणं सोपं जाईल.

ओव्हरहॉल म्हणजे काय?

ही गॅरेजमधली सर्व्हिसिंग नाही. ठरावीक तास उडून झाले किंवा ठरावीक वर्षं उलटली की विमान जवळजवळ पूर्ण उघडलं जातं. रंग उतरवतात, सुटे भाग काढतात, वायरिंग आणि इंधनाच्या टाक्या तपासतात. धातूतले डोळ्यांना न दिसणारे तडे अल्ट्रासाउंडसारख्या पद्धतींनी शोधतात. कोणता भाग कधी बसवला आणि किती तास चालला, याची नोंद ठेवलेली असते. सगळं जोडून झाल्यावर जमिनीवर चाचण्या होतात, मग चाचणी उड्डाण होतं आणि त्यानंतरच विमान ताब्यात दिलं जातं.

मग यानाचं वेगळं काय?

विमानाला हे वर्षांनंतर लागतं. माणसं नेणाऱ्या यानाची मात्र जवळपास प्रत्येक फेरीनंतर कसून तपासणी करावी लागते. पृथ्वीभोवती फिरणाऱ्या यानाचा वेग ताशी सुमारे २८,००० किलोमीटर असतो. वातावरणात शिरताना हा वेग कमी होतो आणि त्यातून प्रचंड उष्णता तयार होते. स्पेस शटलच्या पंखांच्या पुढच्या कडा सुमारे १,६५० अंश सेल्सिअसपर्यंत तापायच्या.

शटलचा हिशेब कुठे चुकला?

अमेरिकेच्या पाच शटलनी १९८१ ते २०११ या काळात १३५ उड्डाणं केली. उतरल्यावर दोन आठवड्यांत यान पुन्हा तयार करायचं, असं मूळ स्वप्न होतं. प्रत्यक्षात एकाच यानाच्या दोन उड्डाणांमधलं सर्वात कमी अंतर ५४ दिवसांचं ठरलं. १९८५ मध्ये अटलांटिसने ते गाठलं.

वेळ जायचा तो तपशिलात. यानाच्या अंगावर उष्णता अडवणाऱ्या २४ हजारांच्या आसपास टाइल होत्या, त्यांचे आकारही वेगवेगळे. एक तुटली तर तिच्या जागी दुसरी कोणतीही बसवता येत नसे. टाइलनी पाणी शोषू नये म्हणून प्रत्येक उड्डाणानंतर त्यांत जलरोधक रसायन टोचावं लागे. इंजिनंही काढून तपासली जात.

तपासणीत दिसलं, तरी अपघात का झाले?

शटलचे दोन बूस्टर समुद्रातून परत आणून पुन्हा वापरत. ते उघडल्यावर सांध्यांतली रबरी रिंग जळाल्याच्या खुणा आधीच्या उड्डाणांनंतर सापडल्या होत्या. तरी उड्डाणं चालू राहिली. २८ जानेवारी १९८६ रोजी चॅलेंजरच्या बूस्टरमधला तोच सांधा निकामी झाला आणि सात जणांचा जीव गेला.

कोलंबियाची गोष्टही तशीच. इंधनाच्या मोठ्या टाकीवरचा फोम उडताना सुटून यानावर आदळतो, हे अनेक फेऱ्यांत दिसलं होतं. पण 'उतरल्यावर दुरुस्त करायचं काम' अशी त्याची सवय झाली. जानेवारी २००३ मध्ये फोमचा तुकडा डाव्या पंखाच्या कडेवर आदळला. १ फेब्रुवारीला परतताना त्या भोकातून तप्त वायू आत शिरले आणि यान तुटलं. कल्पना चावला यांच्यासह सातही अंतराळवीर गेले. त्यानंतर मात्र अंतराळात असतानाच यानाचं कवच कॅमेऱ्याने तपासणं सुरू झालं.

आता काय करतात?

स्पेसएक्सचं क्रू ड्रॅगन समुद्रात उतरतं. त्यामुळे खारं पाणी हा नवा शत्रू. शिवाय त्याचं इंधन विषारी असतं, म्हणून यानाभोवती वायू पसरलेला नाही याची आधी खात्री करतात. मागचा नळकांड्यासारखा भाग परतीच्या वाटेवरच टाकून दिलेला असतो, तो दर वेळी नवा लागतो. पॅराशूट नवी बसवतात, उष्णतारोधक आवरण आणि काही व्हॉल्व्हही बदलतात. मुख्य कॅप्सूल मात्र तीच राहते. एंडेव्हर हे ड्रॅगन २०२० मध्ये पहिल्यांदा माणसं घेऊन गेलं आणि ऑगस्ट २०२५ मध्ये सहाव्यांदा निघालं.

तपासणीचा उपयोग किती, याचं एक गमतीशीर पण गंभीर उदाहरण आहे. सप्टेंबर २०२१ मध्ये एक ड्रॅगन परतल्यावर त्याची फरशी उघडली, तर टॉयलेटची नळी निखळून मूत्र खाली साचलेलं. त्या वेळी दुसरं ड्रॅगन अंतराळ स्थानकाला जोडलेलं होतं. तिथल्या अंतराळवीरांनी फरशीखाली कॅमेरा घालून पाहिलं, तर तिथेही तेच! या द्रवाने ॲल्युमिनियम गंजेल का, हे पृथ्वीवर प्रयोग करून तपासलं. धोका नाही, हे कळल्यावरच ते यान माणसं घेऊन परतलं. पुढच्या यानांत ती नळी पक्की जोडण्यात आली.

भारत कुठे आहे?

इस्रोचं 'पुष्पक' हे पंख असलेलं, सध्या मानवरहित चाचणी यान आहे. कर्नाटकात चित्रदुर्गजवळ चिनूक हेलिकॉप्टरने ते साडेचार किलोमीटर उंचीवरून सोडलं आणि ते आपोआप धावपट्टीवर उतरलं. २२ मार्च २०२४ च्या चाचणीत वापरलेलं यान आणि त्याच्या यंत्रणा कोणताही बदल न करता २३ जून २०२४ ला पुन्हा वापरल्या गेल्या. अर्थात हे यान अंतराळातून आलेलं नव्हतं. खरी परीक्षा तिथून तापून परत आल्यावर होईल.

थोडक्यात

यान परत आणलं की अर्धंच काम होतं. ते उघडून पाहणं, सापडलेली प्रत्येक खूण लिहून ठेवणं आणि 'मागच्या वेळी काही झालं नाही' या समजुतीवर पुढचं उड्डाण न सोडणं, हे उरलेलं अर्धं. ओझरच्या हँगरमध्येही नियम हाच आहे. फरक इतकाच की अंतराळात गेल्यावर बिघाड लक्षात आला, तर यान बाजूला घेऊन थांबायला जागा नसते.