द्राक्ष जुनं, घराणं नवं : आपल्या मुलखातल्या वाइनचा मागोवा

जुने वाडे, गढ्या, इनामं यांचा विषय निघाला की कुणीतरी हमखास विचारतं : युरोपात असते तशी पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली द्राक्षबाग, आणि त्याच बागेची वाइन, असं एखादं घराणं आपल्याकडे होतं का हो? थोडक्यात उत्तर द्यायचं तर जुनं म्हणावं असं नव्हतं. पण ते का नव्हतं, हे पाहण्यासारखं आहे.

सुरुवात दुर्गदबैलातूनच करू. दुर्गदबैल म्हणजे किल्ल्याचं मोकळं मैदान. १७२७ च्या सुमारास बसप्पा शेट्टर या व्यापाऱ्याने या मैदानाभोवती नवी हुबळी वसवली, तेव्हा अंमल सावनूरच्या नबाबाचा होता. पुढे मराठ्यांच्या ताब्यात आल्यावर जुनी हुबळी पेशव्यांतर्फे फडक्यांकडे आणि नवी हुबळी सांगलीकर पटवर्धनांकडे, अशी वाटणी झाली. १८२० मध्ये सांगलीकरांनी नवी हुबळी इंग्रजांना देऊन टाकली. म्हणजे आपली पेठ आणि सांगली यांचा हिशेब एके काळी एकाच दप्तरात होता. आज फाल्गुनात हातगाड्यांवर द्राक्षं दिसू लागतात तेव्हा विजयपूर आणि सांगली-तासगाव ही नावं आपसूक तोंडी येतात. (यात पटवर्धनांचं श्रेय काही नाही बरं का. तासगावचा द्राक्षमळा विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातला.)

दख्खनला वाइन नवी नाही. ‘पेरिप्लस’ या पहिल्या शतकातल्या ग्रीक प्रवासवर्णनात भडोच बंदरात उतरणाऱ्या मालात इटलीची वाइन आहे. ज्या मातीच्या उंच रांजणांतून ती यायची त्या अँफोरांची खापरं नेवासे आणि तेर इथल्या उत्खननात मिळाली आहेत. पण ती आयात. इथल्या द्राक्षाबद्दल इब्न बतूता चौदाव्या शतकात सांगतो की दौलताबादला द्राक्षं आणि डाळिंबं वर्षातून दोनदा येतात. ही नुसती प्रवाशाची अतिशयोक्ती नव्हे. आपल्याकडे कडक थंडी नाही, त्यामुळे वेल झोपत नाही. छाटली की पुन्हा फुटते. म्हणूनच आजचा बागायतदार वर्षाला दोन छाटण्या करतो. एप्रिलमध्ये खरड छाटणी, ती काडी तयार करण्यासाठी. ऑक्टोबरमध्ये फळछाटणी, ती घडासाठी. पहिल्या छाटणीनंतरचं फळ पावसात सापडतं, म्हणून ते धरतच नाहीत.

या सततच्या राबण्याची किंमत वेल आयुष्याने चुकवते. फ्रान्समध्ये पन्नास-साठ वर्षांच्या वेलींचं कौतुक असतं. आपल्याकडे बारा-पंधरा वर्षांत बाग थकते आणि काढावी लागते. आजोबांनी लावलेली वेल नातवाने छाटायची, हा प्रकार इथे निसर्गानेच अवघड करून ठेवला आहे.

नाशिकच्या जुन्या बागांत भोकरी, फकडी अशी वाणं पांगाऱ्याच्या खुंटांवर चढवलेली असत. १९२५ मध्ये ओझरला रावसाहेब जयराम कृष्ण गोखले यांनी लावलेली बाग ही आधुनिक नाशिक द्राक्षाची सुरुवात मानतात. द्राक्षाची घराणी अशी उभी राहत होती. वाइनची का नाही?

पहिलं कारण कायद्याचं, आणि ते थेट आपल्या जिल्ह्याचंही आहे. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत धारवाड जिल्हा मुंबई राज्यात होता, हे नव्या पिढीला सांगावं लागतं. म्हणजे १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा हुबळीलाही लागू होता. चर्चच्या विधीची वाइन आणि औषधं असले अपवाद सोडले, तर घरची द्राक्षं आंबवून विकायची सोयच नव्हती. महाराष्ट्रात तो कायदा पुढे सैल झाला, पण रद्द झाला नाही. परवान्याची पद्धत तिथूनच आलेली.

दुसरं कारण जमिनीचं. १९६१ च्या कमाल जमीनधारणा कायद्यात नंतर दुरुस्ती होऊन बारमाही बागायतीची मर्यादा कुटुंबाला अठरा एकरांवर आली. अठरा एकरांत चांगला संसार होतो, ‘शातो’ होत नाही. तिसरं कारण बाजाराचं. थॉमसन सीडलेस आली आणि तासगावकडे वसंतराव आर्वे यांनी तिच्यातून ‘तास-ए-गणेश’ निवडली. हे खाण्याचं द्राक्ष : बिनबियांचं, पातळ सालीचं, मण्याला फुगवून घेतलेलं. वाइनला लागतं नेमकं उलटं, बारीक, जाड सालीचं, बियांचं, आणि उत्पन्न कमी. मग शेतकरी काय करणार? मोठा मणी पेटीत, उरलेला बेदाण्याला. सांगली-तासगावचे बेदाण्याचे सौदे त्यातूनच मोठे झाले.

या सगळ्यावर मात करून ज्यांनी पहिल्यांदा मराठी मुलखात फ्रेंच धर्तीची वाइनरी उभारली ते शामराव चौगुले. जुन्नर तालुक्यात नारायणगावला १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला ‘इंडाज’ सुरू झाली. फ्रान्सच्या पायपर-हाइडसिक या नामांकित शॅम्पेन कंपनीचं तांत्रिक साहाय्य घेतलं, शार्दोनेसारखी वाणं सह्याद्रीच्या उतारावर लावली, आणि बाटलीतच दुसऱ्यांदा आंबवलेली फेसाळ वाइन ‘ओमर खय्याम’ या नावाने परदेशी पाठवली. शॅम्पेन हे नाव बाटलीवर लावता येत नव्हतं; कंपनीच्या नावात मात्र ते होतं! ज्या देशात वाइन म्हणजे गोव्याची गोड पोर्ट एवढीच ओळख होती, तिथून लंडनला फेसाळ वाइन गेली, ही गोष्ट माझ्या मते अजून नीट नोंदली गेलेली नाही.

पुढचा भाग दुःखाचा. कंपनी शेअर बाजारात नोंदली गेली, दुसरी पिढी कारभारात आली, परदेशी वाइन कंपन्याही विकत घेतल्या गेल्या, कर्ज वाढलं. २००८ ची मंदी आणि त्याच नोव्हेंबरातला मुंबईवरचा हल्ला, यांनी हॉटेलांतला खप कोसळला. थोड्याच काळात मुंबई उच्च न्यायालयाने कंपनी गुंडाळण्याचा आदेश दिला. सर्वांत जुनं म्हणावं असं घराणं तीस वर्षंही पुरी करू शकलं नाही.

त्यांच्या मागून आलेले टिकले. कंवल ग्रोव्हर यांनी १९८८ मध्ये बंगळुरूजवळ, नंदी टेकड्यांच्या पायथ्याशी दोड्डबळ्ळापूरला बाग धरली. त्यांची कंपनी २०१२ मध्ये नाशिकच्या झाम्पाशी एकत्र आली. नाशिकला गंगापूर धरणाजवळच्या घरच्या जमिनीत राजीव सामंतांनी आधी आंबा वगैरे करून पाहिला, मग वाइनची द्राक्षं लावली. २००० साली पहिली वाइन निघाली आणि आई सुलभा यांच्यावरून नाव पडलं ‘सुला’. २००१ मध्ये महाराष्ट्राचं द्राक्ष प्रक्रिया धोरण आलं, विंचूर आणि पलूसला वाइन पार्क झाले. कर्नाटकाचं धोरण २००७ चं. जमिनीची अडचण बहुतेकांनी एकाच रीतीने सोडवली : थोडी बाग स्वतःची, बाकी द्राक्ष कराराने आसपासच्या शेतकऱ्यांचं. म्हणजे ‘इस्टेट’ हा शब्द फाटकावरच्या पाटीवर जितका मोठा दिसतो तितका उताऱ्यावर नसतो.

तेव्हा सहलीला गेल्यावर कुणी ‘शंभर वर्षांची घराण्याची वाइनरी’ म्हणून सांगितलं तर आधी पहाणीपत्रक बघावं. पिकाच्या रकान्यात द्राक्ष कोणत्या साली आलं ते तिथे लिहिलेलं असतं. आणि हुबळी-धारवाडात कुणाच्या कपाटात नारायणगावची रिकामी बाटली राहिली असेल, तर लेबल धुऊन काढू नका. त्यावर ‘शॅम्पेन इंडाज’ आहे की नंतरचं ‘इंडाज व्हिंटनर्स’, एवढ्यावरूनही काळ ठरवता येतो.