सेवन, गैरवापर, अवलंबित्व आणि व्यसन : कल्याण प्रांतातील एक धांडोळा

आमच्या बिदर-कलबुर्गी भागातील जुन्या मराठी घरांत मद्याला शब्द पुष्कळ आहेत. शिंदी, ताडी, मोहाची, हातभट्टीची अशी नावे सहज निघतात. पिणाऱ्याला मात्र शब्द एकच : दारुडा. सुगी संपल्यावर सणावाराला घोटभर शिंदी घेणारा शेतकरी आणि सकाळच्या पहिल्या पेल्यावाचून ज्याचे हात थरथरतात तो, या दोघांना आपण एकाच मापाने मोजतो. या ढिलाईची किंमत आमच्या घराण्याने मोजली आहे, म्हणून हे टिपण.

या प्रदेशाने मद्याकडे प्रथम धर्मशास्त्राच्या नजरेने पाहिले. कल्याणीचा चालुक्य राजा सहावा विक्रमादित्य (इ. स. १०७६ ते ११२६) याच्या काळात विज्ञानेश्वराने याज्ञवल्क्यस्मृतीवर 'मिताक्षरा' ही टीका लिहिली. कलबुर्गी जिल्ह्यातील मर्तूर हे त्याचे गाव मानले जाते. पित्याचे ऋण पुत्राने फेडावे, हा त्या शास्त्रातील सामान्य नियम. परंतु मद्य, काम आणि द्यूत यांपायी केलेल्या ऋणातून पुत्राला मोकळीक होती. सुरापानाला महापातक म्हणणाऱ्या शास्त्राने व्यवहाराच्या प्रकरणात मात्र घरावर येणारा बोजा पाहिला. पुढे बाराव्या शतकातच याच कल्याणात, बसवेश्वरांच्या शरणमेळ्यात, ताडी विकणाऱ्या हेंडद मारय्यालाही स्थान मिळाले. 'हेंड' म्हणजे कानडीत ताडीच.

निजामी अमदानीत नजर पालटली. अबकारी हे सरकारी उत्पन्नाचे मोठे साधन झाले आणि दुकाने गुत्त्याने दिली जाऊ लागली. गुत्तेदार हे आडनाव आमच्या भागात आजही ऐकू येते. १९४८ साली निजामी राज्य संपले. मुंबई राज्यात १९४९ चा दारूबंदी कायदा आला आणि शेजारच्या सोलापुरात विनापरवाना पिणे गुन्हा ठरले. सीमेच्या अलीकडे जो गिऱ्हाईक, तो पलीकडे गुन्हेगार! रोगी तो कोठेच नव्हता. १ नोव्हेंबर १९५६ रोजी आम्ही म्हैसूर राज्यात आलो, तरी अबकारीचे उत्पन्न चालूच राहिले. १ जुलै २००७ पासून कर्नाटकात सारायीवर बंदी आली. इतर मद्य परवान्याने विकले जातच राहिले. आम्ही सरकारी सेवेत असताना लिलावाच्या रकमांचे तक्ते पाहिले आहेत. त्यांत पिणाऱ्या माणसासाठी रकाना नव्हता.

तो रकाना वैद्यकाने उघडला, तोही चाचपडतच. जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञ समितीने १९५७ मध्ये व्यसन आणि सवय असा भेद केला. १९६४ मध्ये दोन्ही शब्द बाजूस ठेवून 'अवलंबित्व' हा शब्द सुचवला. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या नियमावलीने २०१३ मध्ये गैरवापर आणि अवलंबित्व हे दोन वेगळे कप्पे मोडून सौम्य, मध्यम व तीव्र अशा पायऱ्यांचा एकच विकार मानला. तरीही समजण्यासाठी चार शब्द उपयोगी पडतात. घेणे म्हणजे सेवन. त्यात धोका असतो, पण ते अजून रोग नव्हे. शरीराची, कामाची वा संसाराची हानी होत असताही घेत राहणे हा गैरवापर. शरीर इतके सरावणे की न मिळाल्यास कंप, घाम, निद्रानाश, कधी झटके यावेत, हे शारीरिक अवलंबित्व. वेदनाशमनासाठी वैद्याच्या सल्ल्याने अफूजन्य औषध घेणारा कर्करोगीही असा अवलंबून असू शकतो. तो व्यसनी नसतो. नुकसान दिसत असूनही हात आवरत नाही आणि सोडून महिने लोटले तरी ओढ परत येते, ती व्यसनाधीनता. संस्कृतात 'व्यसन' या शब्दाचा एक जुना अर्थ संकट असा आहे, हे येथे ध्यानात घेण्याजोगे आहे.

आता आमच्या घरची गोष्ट. १९८० साली आमच्या एका चुलत्यांच्या मांडीचे हाड मोडले आणि त्यांना रुग्णालयात ठेवले. तिसऱ्या दिवशी ते अंथरुणावरचे, कोणालाच न दिसणारे किडे वेचू लागले. बाहेरची बाधा समजून घरच्यांनी अंगारा मागवला. डॉक्टरांनी विचारले, "हे रोज किती घेत असत?" वडीलधाऱ्यांनी उत्तर दिले, "आमच्या घराण्यात कोणी त्याला शिवतही नाही." आम्ही तेव्हा विशीत होतो. खरे ठाऊक असून गप्प राहिलो. चौथ्या दिवशी काका गेले. अनेक वर्षांचे पिणे एकाएकी तुटल्याने येणारा तो वातभ्रम होता आणि त्यावर उपचार असतात, हे आम्हाला फार उशिरा कळले. दारुड्याला कोंडून 'एकदम बंद' करण्याचा उपाय आजही सांगितला जातो. अवलंबित्व आलेल्या माणसाच्या तो जिवावर बेतू शकतो; त्याला वैद्यकीय देखरेखीखालीच सोडवावे लागते.

केंद्र सरकारच्या २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशातील १० ते ७५ वयोगटातील १४.६ टक्के लोक मद्य घेतात आणि २.७ टक्के लोक त्यावर अवलंबून आहेत. म्हणजे घेणाऱ्या पाचांतला साधारण एक. उरलेल्या चौघांतही हानी ओढवून घेणारे आहेतच, पण त्यांना वेळीच दिलेला सल्ला पुरू शकतो. पाचव्याला उपदेश पुरत नाही, शिव्या तर नाहीच.

मिताक्षरेने पुत्राला पित्याच्या मद्यऋणातून मोकळे केले. पित्याला मोकळे करण्याचे काम मात्र घराचेच आहे, आणि त्याची सुरुवात खरे बोलण्याने होते. यापुढे आपल्यापैकी कोणाच्या घरी डॉक्टरांनी तो प्रश्न विचारला, तर आकडा खरा सांगावा, एवढीच विनंती.