रोममधील मुक्काम : अल्प खर्चाचे निवास आणि यात्रेकरूंची तयारी

रोमच्या यात्रेचा विचार करणारी कुटुंबे आम्हाला बहुधा दोन प्रश्न विचारतात : पोपमहोदयांचे दर्शन होईल का, आणि राहायचे कोठे? पहिल्या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे. पोप रोममध्ये असतील तेव्हा बुधवारी होणाऱ्या सार्वजनिक भेटीची प्रवेशपत्रिका विनामूल्य मिळते, आणि रविवारी दुपारी बाराच्या आंजेलुस प्रार्थनेसाठी संत पीटर चौकात कोणीही उभे राहू शकतो. दुसरा प्रश्न मात्र पैशाचा आहे, आणि त्याचे उत्तर चुकले तर सारी यात्राच थकव्यात आणि मनस्तापात जाते.

धाराशिव जिल्ह्यातील वाशीसारख्या गावातील कुटुंबाला यात्रेतील मुक्काम नवा नाही. तुळजापूर याच जिल्ह्यात आहे. गर्दीच्या दिवसांत खोलीचे भाव कसे चढतात आणि मंदिराजवळची साधी खोली दूरच्या चांगल्या खोलीपेक्षा का बरी, हे येथील माणसाला सांगावे लागत नाही. रोमलाही हाच नियम लागू पडतो. फरक एवढाच की तेथे भाषा परकी, चलन परके आणि अटी छापील असतात. तोंडी रदबदलीला वाव जवळजवळ नसतो. म्हणून खोली साधी घ्यावी, जागा मध्यवर्ती घ्यावी आणि पैसे भरण्यापूर्वी अटी वाचाव्यात, हे या लेखाचे सार आहे.

यात्रेकरूंच्या निवासाची परंपरा

पोप बोनिफास आठवे यांनी इ. स. १३०० मध्ये पहिले ज्युबिली वर्ष घोषित केले. तेव्हापासून रोमपुढे यात्रेकरूंच्या निवाऱ्याचा प्रश्न पुनःपुन्हा उभा राहिला. संत फिलिप नेरी यांनी १५४८ मध्ये एक बंधुसंघ स्थापन केला आणि १५५० च्या ज्युबिलीत या संघाने गरीब यात्रेकरूंना आसरा दिला. संघाचे सभासद आलेल्यांचे पाय धुऊन त्यांना जेवू घालीत. धर्मसंघांच्या घरांतून आजही पाहुण्यांना खोल्या दिल्या जातात, त्यामागे ही जुनी परंपरा आहे. मात्र आज या खोल्या बहुतेक ठिकाणी सशुल्क आहेत, हे ध्यानात ठेवावे.

शहराचा कोणता भाग निवडावा

अल्प खर्चाची हॉटेले सर्वाधिक दाटीने आढळतात ती तेर्मिनी या मुख्य रेल्वेस्थानकाभोवती. हा भाग देखणा नाही. रस्ते गजबजलेले आहेत आणि रात्री सावध राहावे लागते. तरीही यात्रेकरूच्या दृष्टीने त्याचे मोल मोठे आहे. पवित्र मरियेचे थोर महामंदिर, म्हणजे सांता मारिया माज्जोरे, येथून पायी दहा मिनिटांच्या अंतरावर आहे. २६ एप्रिल २०२५ रोजी पोप फ्रान्सिस यांचे दफन याच महामंदिरात झाले. तेथून व्हिया मेरुलाना या सरळ रस्त्याने चालत गेले की संत जॉन लॅटरन हे रोमचे मुख्य धर्मपीठ येते. डॉन बॉस्को यांनी अखेरच्या वर्षांत उभारलेले येशूच्या पवित्र हृदयाचे मंदिर तर स्थानकाला लागून असलेल्या व्हिया मार्साला या रस्त्यावरच आहे. १८८७ साली त्याचा अभिषेक झाला.

व्हॅटिकनजवळचे बोर्गो आणि प्राती हे भाग अधिक शांत आहेत, पण तेथील भाडे सहसा अधिक असते. तेर्मिनीहून मेट्रोच्या अ मार्गाने निघाल्यास सहावे स्थानक ओत्तावियानो येते आणि तेथून संत पीटर चौक थोड्याच अंतरावर आहे. शहराबाहेरची खोली स्वस्त दिसते खरी. परंतु रोज दोन वेळची गाडी, त्यात जाणारा तास-दीड तास आणि घरातील वृद्धांचे दुखणारे गुडघे हिशेबात धरले, तर तो स्वस्तपणा उरत नाही. दुपारी खोलीवर परतून तासभर पडता येणे ही वृद्ध यात्रेकरूसाठी चैन नसून गरज आहे.

निवासाचे प्रकार

हॉटेलला इटालियन भाषेत आल्बेर्गो म्हणतात. एक ते पाच तारे हे तेथील सोयींचे माप आहे. स्वच्छता किंवा आतिथ्य त्यावरून कळत नाही. पूर्वी पेन्सिओने या नावाने ओळखली जाणारी लहान हॉटेले आजही पुष्कळ आहेत. ती बहुधा जुन्या इमारतीच्या एखाद्याच मजल्यावर असतात. खाली मोठा लाकडी दरवाजा, बाजूला नावांच्या घंटा आणि आत दोन-तीन माणसे मावतील एवढी लिफ्ट, असे त्यांचे सर्वसाधारण रूप असते. काही इमारतींत लिफ्ट नसतेच. म्हणून वृद्ध माणसे बरोबर असल्यास लिफ्ट आहे का आणि खोली कितव्या मजल्यावर आहे, हे आरक्षणापूर्वीच विचारावे.

धर्मभगिनी किंवा धर्मसंघ चालवीत असलेल्या अतिथिगृहांना कासा पेर फेरिये म्हणतात. एकेकट्या पलंगांच्या साध्या, स्वच्छ खोल्या, शांतता आणि पुष्कळदा घरातच प्रार्थनामंदिर, हे त्यांचे विशेष होत. मात्र अनेक ठिकाणी रात्री ठरावीक वेळेनंतर दरवाजा बंद होतो. एकदा आमच्या लहानशा गटाचे विमान उशिरा उतरले आणि दार बंद झाल्यावर आम्ही पोहोचलो. अर्धा तास घंटा वाजविल्यावर एका वृद्ध सिस्टरांनी दार उघडले. दोष आमचाच होता, कारण पोहोचण्याची वेळ आम्ही आधी कळविली नव्हती.

खोली ठरविताना दोन शब्द ओळखीचे असावेत. मात्रिमोनियाले म्हणजे एकच मोठा पलंग असलेली खोली. आई व मुलगा किंवा दोन मैत्रिणी जात असतील तर दोन स्वतंत्र पलंग हवेत असे स्पष्ट लिहावे. बान्यो इन कोमूने म्हणजे सामाईक स्नानगृह. भाडे फारच कमी दिसले तर त्याचे कारण बहुधा हेच असते.

आरक्षण आणि व्हिसा

इटलीसाठी शेंगेन व्हिसा लागतो. त्याचे शुल्क जून २०२४ पासून प्रौढांसाठी ९० युरो आणि सहा वर्षांपासून बारा वर्षांखालील मुलांसाठी ४५ युरो झाले आहे. केंद्राचा सेवाआकार वेगळा असतो. किमान ३०,००० युरो संरक्षणाचा प्रवासी वैद्यकीय विमा आवश्यक असतो. अर्ज प्रवासापूर्वी सहा महिन्यांपासून करता येतो. अर्जासोबत मुक्कामाचा पुरावा जोडावा लागतो, म्हणजे खोलीचे आरक्षण व्हिसा मिळण्यापूर्वीच करावे लागते.

येथेच सर्वांत मोठे नुकसान होते. आमच्या परिचयाच्या एका कुटुंबाने थोडे स्वस्त पडते म्हणून परतावा न मिळणारे आरक्षण केले. व्हिसाला विलंब झाला, तारखा हुकल्या आणि सहा रात्रींचे सारे भाडे बुडाले. ती रक्कम शेतीच्या दोन हंगामांतून बाजूला काढलेली होती. म्हणून व्हिसा हाती येईपर्यंत विनाशुल्क रद्द करता येईल असेच आरक्षण करावे, जरी त्याचे भाडे काहीसे अधिक असले तरी. रद्द करण्याची शेवटची तारीख घरातील दिनदर्शिकेवर लिहून ठेवावी. नॉन रिम्बोर्साबिले हे शब्द दिसले की परतावा नाही असे समजावे.

वाशीच्या रहिवाशांसाठी आणखी एक सूचना. वाशी म्हटले की दलाल आणि कारकून नवी मुंबईची वाशी समजतात. म्हणून अर्जात तालुका आणि जिल्हा अवश्य लिहावा. २०२३ मध्ये जिल्ह्याचे नाव उस्मानाबादऐवजी धाराशिव झाले. त्यामुळे एकाच घरातील कागदपत्रांवर दोन नावे आढळतात. तसे असल्यास दोन्ही नावे एकाच जिल्ह्याची असल्याचे एका वाक्यात अर्जासोबत नमूद करणे हिताचे ठरते.

भाड्याबाहेरचा खर्च

रोम महापालिका २०११ पासून पर्यटकांकडून निवासकर घेते. तो खोलीवर नसून दर माणशी, दर रात्री असतो. २०२३ च्या वाढीनंतर एकतारांकित हॉटेलात ४ युरो, द्वितारांकित हॉटेलात ५ युरो आणि त्रितारांकित हॉटेलात ६ युरो असे दर झाले. सलग दहा रात्रींपर्यंतच तो आकारला जातो आणि दहा वर्षांखालील मुलांना तो माफ आहे. आरक्षणाच्या रकमेत तो बहुधा नसतो. हॉटेलातच, आणि कित्येकदा रोखीने, द्यावा लागतो. आई, वडील, चौदा वर्षांचा मुलगा आणि आठ वर्षांची मुलगी त्रितारांकित हॉटेलात पाच रात्री राहिली, तर तिघांचा कर ९० युरो होतो. ही फसवणूक नसून अधिकृत कर आहे. पण आधी ठाऊक नसेल तर शेवटच्या दिवशी तो जड जातो. पावती अवश्य मागून घ्यावी.

न्याहारी भाड्यात धरली आहे का, हेही पाहावे. इटालियन न्याहारी म्हणजे कॉफी आणि गोड पाव. पोहे-उपीट खाऊन बाहेर पडणाऱ्यांना ती अपुरी वाटते.

विमानतळ ते खोली

फ्युमिचिनो विमानतळावरून लेओनार्दो एक्सप्रेस ही गाडी थेट तेर्मिनीला सुमारे ३२ मिनिटांत पोहोचते. तिकीट १४ युरो आहे. अधिकृत पांढऱ्या टॅक्सीचे जुन्या नगरतटाच्या आतील भागापर्यंतचे भाडे ठरलेले असून २०२४ पासून ते ५५ युरो आहे. चार प्रौढांची रेल्वेची तिकिटे ५६ युरोंची होतात, म्हणजे सामानासह जाणाऱ्या चौघांना टॅक्सी महाग पडत नाही. मात्र टॅक्सीत बसण्यापूर्वी भाडे विचारून घ्यावे आणि बाहेर हाक मारून बोलावणाऱ्यांच्या मागे जाऊ नये. मध्यवर्ती रोमच्या पुष्कळ रस्त्यांवर काळ्या दगडी चिऱ्यांची फरसबंदी आहे. त्यावरून चाकांच्या मोठ्या पेट्या ओढणे कष्टाचे होते, म्हणून सामान बेताचे न्यावे.

हॉटेलात पोहोचल्यावर

स्वागतकक्षात पासपोर्ट मागितला जातो. पाहुण्यांची नोंद पोलिसांना कळविणे हॉटेलावर कायद्याने बंधनकारक आहे, त्यामुळे यात भिण्यासारखे काही नाही. नोंद झाल्यावर पासपोर्ट मात्र परत घ्यावा. खोली सहसा दुपारनंतर मिळते आणि निघण्याच्या दिवशी सकाळी दहा-अकरापर्यंत सोडावी लागते. सामान ठेवून घेण्याची विनंती बहुतेक ठिकाणी मान्य होते.

खोल्या लहान असतात. इटलीत वीज आपल्याप्रमाणेच २३० व्होल्टची आहे, पण आपली तीन जाड पिनांची वायर तेथे बसत नाही. त्यासाठी जोडपिन येथूनच न्यावी. खोलीत स्वयंपाक करण्यास मनाई असते.

भोजन आणि पाणी

युरोपीय संघाच्या बाहेरून येणाऱ्या प्रवाशांना मांस आणि दुधाचे पदार्थ सामानातून नेता येत नाहीत. त्यामुळे कुंथलगिरीचा पेढा आणि घरचे तूप, कितीही प्रेमाने दिलेले असले तरी, घरीच ठेवावे लागते. शेंगदाण्याची चटणी न्यावी. तेर्मिनीपासून जवळच एस्क्विलिनो भागातील बंदिस्त बाजारात डाळ, तांदूळ, मसाले आणि हिरवी मिरची मिळते, आणि त्या परिसरात भारतीय उपाहारगृहेही आहेत. वजनावर कापून मिळणारा पिझ्झा हा स्वस्त आणि शाकाहारींना सोयीचा पर्याय होय.

पाणी विकत घेण्याची गरज नाही. रोमच्या रस्त्यांवर सुमारे अडीच हजार सार्वजनिक नळ अखंड वाहत असतात आणि त्यांचे पाणी पिण्यायोग्य आहे. एक रिकामी बाटली जवळ असावी.

सुरक्षितता

तेर्मिनीचा परिसर, मेट्रो आणि तेर्मिनीहून व्हॅटिकनकडे जाणारी ६४ क्रमांकाची बस येथे पाकीटमारांपासून विशेष सावध राहावे. पासपोर्टची छायाप्रत वेगळ्या पिशवीत ठेवावी. संकटसमयी ११२ हा क्रमांक लावावा. भारतीय दूतावास व्हिया व्हेन्ती सेत्तेम्ब्रे या रस्त्यावर ५ क्रमांकाच्या इमारतीत, तेर्मिनीहून चालत जाण्याजोग्या अंतरावर आहे. हॉटेलचे नाव आणि पत्ता कागदावर लिहून प्रत्येकाच्या खिशात द्यावा, विशेषतः ज्यांना मोबाइल हाताळता येत नाही त्यांच्या.

समारोप

मार्च २०१३ मध्ये निवडणुकीसाठी रोमला आलेले कार्डिनल बेर्गोलियो शहराच्या मध्यभागी धर्मगुरूंसाठी असलेल्या एका अतिथिगृहात उतरले होते. पोप म्हणून निवड झाल्याच्या दुसऱ्या दिवशी ते तेथे परत गेले, आपले सामान घेतले आणि खोलीचे बिल स्वतः चुकते केले. साधी खोली आणि चोख हिशेब एवढे त्यांना पुरले. आपल्या भाविकांनाही तेवढे पुरेसे आहे. कष्टाचे पैसे अटी वाचून खर्च करावेत आणि निघण्यापूर्वी एकदा आपल्या धर्मगुरूंशी बोलावे. रोममध्ये शिकलेले किंवा सेवा केलेले कोणी ना कोणी त्यांच्या परिचयाचे असते, आणि अशा माणसाचा एक शब्द परक्या शहरात मोठा आधार ठरतो.