फ्रान्सिना सोराबजी आणि पुण्याचे व्हिक्टोरिया हायस्कूल

पुण्यात १८७६ साली सुरू झालेल्या व्हिक्टोरिया हायस्कूलचा महाराष्ट्रातील स्त्रीशिक्षणाच्या इतिहासात फार तर ओझरता उल्लेख येतो, आणि त्या शाळेच्या संस्थापिका फ्रान्सिना सोराबजी यांची ओळख बहुधा कायदेपंडित कॉर्नेलिया सोराबजी यांच्या मातोश्री एवढ्यावरच आटोपली जाते. हा त्यांच्यावर झालेला अन्याय आहे. १८४८ मध्ये फुले दांपत्याने भिडेवाड्यात मुलींची शाळा काढली आणि १८८४ मध्ये हुजूरपागेतील मुलींची शाळा सुरू झाली. या दोन घटनांच्या दरम्यान एका हिंदी ख्रिस्ती स्त्रीने स्वतःच्या हिमतीवर पुण्यात शाळा उभारली आणि आपल्या मुलींना त्याच कामात तयार केले, ही गोष्ट स्वतंत्र नोंदीस पात्र आहे.

फ्रान्सिनाबाईंचा जन्म १८३३ च्या सुमारास दक्षिण भारतात, हिंदू धर्मातून ख्रिस्ती झालेल्या कुटुंबात झाला. सर फ्रान्सिस फोर्ड आणि लेडी कॉर्नेलिया फोर्ड या इंग्रज दांपत्याने त्यांना दत्तक घेतल्यामुळे इंग्रजी भाषा आणि अँग्लिकन पंथ, म्हणजे इंग्लंडच्या राजसत्तेशी जोडलेल्या 'चर्च ऑफ इंग्लंड'चा आचारधर्म, या दोन्ही गोष्टी त्यांना घरातच मिळाल्या. १८५३ मध्ये त्यांचा विवाह पारशी धर्मातून ख्रिस्ती झालेल्या सोराबजी खरशेटजी यांच्याशी झाला. मुंबईत १८३९ साली मिशनरी डॉ. जॉन विल्सन यांच्या शाळेतील दोन पारशी तरुणांनी बाप्तिस्मा घेतल्यावर पारशी समाजात मोठे वादळ उठले होते, आणि त्यानंतरच्या दशकात ख्रिस्ती झालेल्या सोराबजींनाही ज्ञातीचा कडवा विरोध सोसावा लागला. असे असूनही हे कुटुंब स्वतःला पारशीच म्हणवत राहिले, आणि मुलींची साडी पारशी पद्धतीचीच राहिली.

सोराबजी ज्या संस्थेचे काम करीत, ती चर्च मिशनरी सोसायटी १७९९ मध्ये लंडनमध्ये स्थापन झाली होती आणि चर्च ऑफ इंग्लंडमधील धर्मप्रसाराला अग्रक्रम देणाऱ्या प्रवाहाची ती प्रमुख संस्था होती. नाशिकजवळ या सोसायटीने शरणपूर ही वसाहत वसवली होती. धर्मांतरामुळे जातीतून बाहेर पडलेल्या माणसाचे घर आणि उपजीविका दोन्ही जात असल्याने तिथे राहण्याच्या सोयीबरोबर हातकामाचे शिक्षणही दिले जाई, आणि गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेल्या आफ्रिकी मुलांनाही तिथेच ठेवण्यात येई. आफ्रिकेतील प्रवासी-मिशनरी डेव्हिड लिव्हिंग्स्टन यांचे शव घेऊन १८७४ मध्ये इंग्लंडला पोहोचलेला जेकब वेनराइट हा याच नाशिकच्या शाळेत शिकला होता. १८६६ मध्ये कॉर्नेलियाचा जन्म नाशिकला झाला. पुढे काही काळ बेळगावी राहून हे कुटुंब पुण्यात स्थिरावले.

मिशनच्या दप्तरात या काळात नाव लागे ते पुरुषाचे. त्याची पत्नी मुलींना शिकवी, आजाऱ्यांकडे जाई, बायकांच्या घरोघरी फिरे. पण हे सारे पतीच्या कामाचाच भाग समजले जाई आणि त्यासाठी तिला वेगळे वेतन नसे. स्त्रियांमध्ये काम करण्यासाठी इंग्लंडहून अविवाहित स्त्रिया येत, त्या बहुधा निराळ्या मंडळांमार्फत. १८८० मध्ये निघालेली चर्च ऑफ इंग्लंड झनाना मिशनरी सोसायटी हे त्यातले ठळक उदाहरण. फ्रान्सिनाबाई या दोन्ही चौकटींत बसत नव्हत्या, कारण त्या मिशनऱ्याच्या पत्नी असल्या तरी त्यांच्या शाळेची ओळख पतीच्या पदावर अवलंबून नव्हती, आणि त्या इंग्लंडहून धाडलेल्याही नव्हत्या.

व्हिक्टोरिया हायस्कूलचे माध्यम इंग्रजी होते आणि मुले-मुली एकत्र शिकत. त्यांत इंग्रज, युरेशियन (म्हणजे युरोपीय व हिंदी अशा मिश्र वंशाची), पारशी, हिंदू, मुसलमान अशी सगळी मुले असत. एका बाकावर ही मुले बसवणे म्हणजे त्या काळात काय होते, याची कल्पना १८९० च्या पंचहौद चहाप्रकरणावरून येते. पुण्यातील पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये चहा घेतल्याच्या कारणावरून लोकमान्य टिळक आणि न्यायमूर्ती रानडे यांच्यासारख्यांवर ग्रामण्य, म्हणजे जातिबहिष्काराचे प्रकरण, ओढवले होते. शाळेत मुलांना एकत्र बसवण्याइतकाच, किंबहुना त्याहून दूरदृष्टीचा निर्णय असा, की फ्रान्सिनाबाईंनी इंग्रजी शाळेवर न थांबता हिंदू मुलांसाठी मराठी, पारशी मुलांसाठी गुजराती आणि मुसलमान मुलांसाठी उर्दू अशा वेगळ्या शाळा चालवल्या. ज्यांना इंग्रजी शाळेचा खर्च झेपणार नव्हता किंवा घरातून परवानगी मिळणार नव्हती, त्यांच्यापर्यंत मातृभाषेतूनच पोहोचता येईल, ही समज अनेक इंग्रज शिक्षकांनाही उशिरा आली.

शिक्षिका मिळणे ही त्या काळची खरी अडचण होती, आणि ती बऱ्याच अंशी घरातूनच भागवली गेली. सात मुली आणि एक मुलगा अशा या संसारात मोठ्या मुली शिकता शिकता शिकवू लागत, त्यामुळे घर आणि शाळा यांच्यात सीमारेषा फारशी उरली नव्हती. मेरी, लीना आणि सूझी या शिक्षणक्षेत्रात गेल्या, ॲलिस डॉक्टर झाली, आणि कॉर्नेलिया डेक्कन कॉलेजातून मुंबई विद्यापीठाची पहिली स्त्री पदवीधर ठरली.

कॉर्नेलियाच्या कायद्याकडे वळण्यामागे आईचाच हात होता. कॉर्नेलियाने आपल्या आठवणींत काठेवाडकडच्या एका श्रीमंत विधवेची हकीकत दिली आहे. कारभाऱ्यावर विश्वास ठेवून तिने कोऱ्या कागदावर सही करून दिली, आणि त्या कागदाच्या आधारे त्याने तिची मालमत्ता बळकावली. ती फ्रान्सिनाबाईंकडे आली असता त्यांनी लहान कॉर्नेलियाला हा प्रकार उलगडून सांगितला आणि अशा स्त्रियांना मदत करायची असेल तर कायदा शिक, असे सुचवले. पडद्यातील स्त्रीला पुरुष वकिलासमोर बसता येत नव्हते, त्यामुळे हा सल्ला अगदी व्यवहारी होता. १९०४ पासून कॉर्नेलियाने बंगालमध्ये कोर्ट ऑफ वॉर्ड्सच्या, म्हणजे अज्ञान वारस व विधवा यांच्या जमीनजुमल्याची देखरेख करणाऱ्या सरकारी खात्याच्या, सेवेत केलेले काम नेमके हेच होते.

शाळांसाठी पैसा उभा करण्याकरिता फ्रान्सिनाबाई १८८६ मध्ये इंग्लंडला गेल्या. मदत मागणारी स्त्री गोऱ्या मिशनऱ्याच्या शेजारी उभी केलेली नमुन्याची धर्मांतरित नसून स्वतःच्या संस्थेची बाजू मांडणारी मुख्याध्यापिका होती, हे इंग्लंडमधल्या श्रोत्यांना नवे होते. इंग्रज स्नेह्यांचा आधार या कुटुंबाला पुढेही उपयोगी पडला. परीक्षेत अव्वल येऊनही, केवळ स्त्री असल्यामुळे, कॉर्नेलियाला इंग्लंडमधील सरकारी शिष्यवृत्ती नाकारली गेली, तेव्हा लेडी हॉबहाउस यांच्या पुढाकाराने निधी जमला आणि १८८९ मध्ये ती ऑक्सफर्डच्या सोमरव्हिल कॉलेजात दाखल झाली.

सोराबजी खरशेटजींच्या १८९४ मधील निधनानंतरही सोराबजी भगिनींचे शैक्षणिक कार्य चालू राहिले. १९०८ मध्ये सूझीने पुण्यात सेंट हेलेनाज ही शाळा सुरू केली, आणि त्याच वर्षी डॉ. ॲलिस वायव्य सरहद्दीवरील बन्नू येथील मिशनरी डॉक्टर थिओडोर पेनेल यांच्याशी विवाह करून तिकडच्या रुग्णालयात रुजू झाली. फ्रान्सिनाबाई १९१० मध्ये निवर्तल्या. १९२४ मध्ये कॉर्नेलियाने आईवडिलांविषयी पुस्तक प्रसिद्ध केले. त्याच्या उपशीर्षकात वडिलांच्या नावासोबत आईचेही नाव आहे, आणि सूझीची शाळा आजही पुण्यात भरते.