कोळ्याला अभय, जळमटाला झाडू

शाबान महिना सरत आला की आपल्या घरांतून साफसफाईची धांदल सुरू होते. लांब काठीला झाडू बांधून कोपऱ्याकोपऱ्यांतली जळमटे उतरविली जातात. अशा वेळी एखादा कोळी भिंतीवरून पळू लागला आणि घरातल्या मुलाने चप्पल उगारली, की दादी-नानीचा आवाज हमखास येतो, "त्याला मारू नको रे, जळमट तेवढं काढ." कोळ्याला अभय आणि त्याच्या घराला झाडू, हा न्याय वरवर पाहता चमत्कारिक वाटतो. परंतु त्यामागे दोन जुन्या परंपरा आहेत, आणि त्या वेगवेगळ्या वाटांनी आपल्या घरात आल्या आहेत.

पहिली परंपरा हिजरतच्या प्रवासाची. इ. स. 622 मध्ये हजरत मुहम्मद पैगंबर (स.) मक्का सोडून मदिनेकडे निघाले. सोबत हजरत अबू बक्र (रजि.) होते. मक्केच्या दक्षिणेस असलेल्या सौर डोंगरातील गुहेत दोघे तीन रात्री राहिले. शोधाला निघालेले कुरैश गुहेच्या तोंडाशी आले, तो तेथे कोळ्याने विणलेले जाळे! कोणी आत गेले असते तर जाळे असे अखंड राहिले नसते, असा विचार करून ते माघारी फिरले. आपल्यापैकी प्रत्येकाने ही कथा लहानपणी ऐकली आहे, आणि दादीचे अभयदान येथूनच येते.

आता प्रश्न असा की ही कथा लिहिली आहे कोठे? कुरआनात आहे, असे अनेक विद्यार्थी धरून चालतात. सूरह तौबाच्या 40 व्या आयतीत गुहेचा आणि त्यातील दोघांचा उल्लेख आहे, दृष्टीस न पडलेल्या सैन्याचाही आहे. कोळी मात्र नाही. इमाम बुखारी (मृत्यू इ. स. 870) यांच्या संग्रहात हजरत आयेशा (रजि.) यांनी सांगितलेली हिजरतची सविस्तर हकीकत आहे, तीतही कोळी नाही. तो भेटतो इमाम अहमद बिन हंबल (मृत्यू इ. स. 855) यांच्या ‘मुसनद’मध्ये. त्या रिवायतीची साखळी इब्न कसीर (मृत्यू इ. स. 1373) यांनी चांगली मानली, तर विसाव्या शतकातील हदीसपंडित अल्बानी यांनी ती दुर्बल ठरविली. एका लहानशा जाळ्याबद्दल एवढी छाननी शतकानुशतके चालावी, ही आपल्या विद्वानांची शिस्त. मुलांना कथा जरूर सांगावी. पण कुरआनात आहे असे सांगू नये.

कुरआनात कोळी आहे तो निराळ्या जागी. 29 व्या सूरहचे नावच ‘अन्कबूत’, म्हणजे कोळी. तिच्या 41 व्या आयतीत अल्लाहला सोडून इतरांचा आसरा घेणाऱ्यांना कोळ्याची उपमा दिली असून त्याचे घर सर्वांत कच्चे म्हटले आहे. म्हणजे गुहेच्या कथेत जे जाळे रक्षण करते, तेच येथे कुचकामी आश्रयाचे उदाहरण होते. कोळ्याचा धागा वजनाच्या मानाने पोलादाहून चिवट असतो हे खरे, पण त्याच्या घरात ना ऊन अडते, ना थंडी.

याच आयतीच्या विवरणात कुर्तुबी (मृत्यू इ. स. 1273) यांनी हजरत अली (रजि.) यांच्या नावाने सांगितले जाणारे एक वचन नोंदविले आहे. त्याचा आशय असा, की घरातील जळमटे काढावीत, ती राहू दिल्यास दारिद्र्य येते. दादीच्या झाडूचा हा आधार. (दिवसभर राबणाऱ्या गरिबाला जळमटे काढायला सवड कोठली, हेही तितकेच खरे.)

कोळ्याकडे केवळ उपमा म्हणून न पाहता प्राणी म्हणून पाहणारेही आपल्यात होऊन गेले. बसऱ्याचे जाहिज (मृत्यू इ. स. 868 च्या सुमारास) यांनी ‘किताबुल हयवान’मध्ये जाळे न विणता शिकार करणारा कोळी वर्णिला आहे. माशी दिसताच तो जमिनीलगत दबतो, अंग स्थिर करतो आणि अचूक झेप घेतो. त्याला ‘लैस’, म्हणजे सिंह, म्हणत. त्याला सहा डोळे असतात असे त्यांनी लिहिले. अशा उडी मारणाऱ्या कोळ्यांना आठ असतात हे आज आपण जाणतो. तरी अकराशे वर्षांपूर्वी, भिंग नसताना, एवढ्याशा जिवाचे डोळे मोजायला कोणी बसला होता! ताऱ्यांची उंची मोजण्याच्या ‘उस्तुरलाब’ यंत्रातील नक्षीदार जाळीलाही अरबीत ‘अन्कबूत’च म्हणतात. सतराव्या शतकात लाहोरच्या उस्ताद अल्लाहदाद यांच्या घराण्याने घडविलेल्या अशा जाळ्या आजही संग्रहालयांत पाहायला मिळतात.

जाहिज यांच्या त्या सिंहाचे भाऊबंद आपल्या खिडकीच्या चौकटीवर दिवसा माश्या टिपताना दिसतात. छताच्या कोपऱ्यात लांब, काटकुळ्या पायांचा एक असतो. धक्का लागताच तो जाळ्यासकट थरथरू लागतो. त्याच्या जाळ्यात डास अडकतात. आणि रात्री दिवा लावताच न्हाणीघराच्या भिंतीवर जो मोठा, चपटा, तपकिरी कोळी दिसून मुले किंचाळतात, तो झुरळे खातो. छेडला तर चावतो आणि दुखते. पण आपणहून अंगावर येत नाही. त्याची मादी अंड्यांची पांढरी, चपटी, बत्ताशासारखी पिशवी पोटाखाली धरून कित्येक दिवस हिंडते. शिकारीसाठी ती जाळे विणत नाही, त्यामुळे शाबानच्या झाडूला तिच्या मागे काही सापडत नाही.